चित्राची मागची बाजू

श्रोतेहो, नमस्कार.

रेडिओवर चित्राबद्दल बोलायचं म्हणजे पंचाईत. त्यातून चित्र वासुदेव गायतोंडे यांचं. हुसेन यांचं असतं, तर "घोडा आहे" एवढं तरी सांगून मोकळा झालो असतो. इथे घोडा नाही, झाड नाही, माणूस नाही. चित्राला नावही नाही. लिलावाच्या कॅटलॉगात नुसतं 'शीर्षक नाही, 1961, कॅनव्हासवर तैलरंग'.

मार्च 2021 मध्ये सॅफ्रनआर्टच्या लिलावात हे चित्र 39 कोटी 98 लाखांना गेलं. पेपरात छापून येणाऱ्या अशा आकड्यात हातोडा पडला ती बोली असतेच, वर लिलाव करणाऱ्यांचं कमिशनही बहुधा धरलेलं असतं. त्यातलं चित्रकाराला काही मिळण्याचा प्रश्नच नव्हता. गायतोंडे 2001 मध्येच गेले. नागपूरचा जन्म, घराणं गोव्याचं, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत.

"पण त्यात एवढं आहे तरी काय?" हे मला हमखास विचारतात. मी म्हणतो, किंमत विसरा आणि कॅनव्हासच्या हातभर अंतरावर उभे राहा. साठच्या दशकात गायतोंड्यांनी ब्रशपेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ, म्हणजे रंग कालवायची बोथट सुरी, जवळ केले. रंगाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच खरवडायचा. खालचा रंग वर डोकावतो. पुढे पुढे तर कागदाचे फाटके तुकडे ठेवून ते रंग उचलत. म्हणजे लावण्याइतकंच काढण्याचं काम. म्हणून उजेड चित्राच्या आतून आल्यासारखा वाटतो. छापील फोटोत तो मरतो, हे आधीच सांगून ठेवतो.

वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं. बाकीचा वेळ? कोऱ्या कॅनव्हाससमोर नुसतं बसायचं. घरच्या माणसाला हा आळस वाटला असता, मलाही वाटला असता! आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हटलेलं त्यांना रुचत नसे. 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह', म्हणजे कुठल्याही वस्तूचं चित्रण नसलेली, म्हणा, असं त्यांचं सांगणं.

एक गंमत मात्र सांगायची राहिली. त्यांच्या बऱ्याच चित्रांवर सही मागच्या बाजूला असते, इंग्रजीत आणि शेजारी देवनागरीत. कॅटलॉगवाले तिला 'हिंदीतली सही' म्हणतात. आता गायतोंडे काय हिंदीत लिहायचे आणि काय मराठीत! असो. कोट्यवधी मोजून चित्र घरी नेलं आणि भिंतीवर टांगलं, की ती सही भिंतीकडे तोंड करून राहते.