अवतरणचिन्ह उच्चारायचं कसं?

एक साधं वाक्य घेऊ. ‘गणू म्हणाला, मी येतो.’ येणार कोण? गणू. आता मी हेच ‘गणू म्हणाला की मी येतो’ असं म्हटलं, तर? बहुधा गणूच. पण गणूनं माझ्या येण्याची बातमी कुणाला दिली असेल, तर येणारा मी. कागदावर अवतरणचिन्हं देऊन सुटता येतं. तोंडानं बोलताना ती चिन्हं कुठे ठेवायची? आपण आवाज थोडा बदलतो, ‘असं’ म्हणतो, आणि बाकीचं ऐकणाऱ्यावर सोपवतो.

लोजबान ही भाषा हे काम ऐकणाऱ्यावर सोपवत नाही. १९५५ साली अमेरिकेत जेम्स कुक ब्राउन यांनी लोगलान नावाची तर्काधिष्ठित भाषा रचायला घेतली. माणसाची भाषा त्याच्या विचाराला वळण देते का, हे त्यांना तपासायचं होतं. पुढे भाषेवर मालकी कोणाची यावरून भांडण झालं आणि १९८७ च्या सुमारास वेगळं निघालेल्या मंडळींनी लोजबान उभी केली. तिचे मूळ शब्द सहा भाषांतल्या ध्वनींची सरमिसळ करून बनवले. त्या सहांत हिंदी आहे. व्याकरण असं की वाक्याची रचना संगणकालाही एकाच रीतीनं लावता यावी.

म्हणून इथे अवतरणचिन्ह हा उच्चारायचा शब्द आहे. ‘लु’ म्हटलं की अवतरण उघडलं, ‘लिहु’ म्हटलं की मिटलं. ‘शुस्कु’ म्हणजे म्हणणं, ‘क्लामा’ म्हणजे येणं-जाणं, आणि ‘मि’ म्हणजे चक्क मी. ‘गणू शुस्कु लु मि क्लामा लिहु’ म्हटलं की येणारा गणू. त्याचे शब्द न देता आशयच सांगायचा असेल, तर ‘लु’ऐवजी ‘लो से दुहु’. तिथे ‘मि’ म्हणजे मी, आत्ता बोलणारा. आपल्या ‘की’ला हे ओझं कधी पेललं नाही.

पण ‘लु’ची एक अट आहे: आतला मजकूर व्याकरणशुद्ध हवा. मग शिक्षकानं ‘असं म्हणू नका’ सांगताना चुकीचं वाक्य उच्चारायचं कसं? त्यासाठी ‘लोहु’ आणि ‘लेहु’ ही वेगळी जोडी. आत शब्द लोजबानचेच हवेत, रचना कितीही मोडकी चालते. चुकांसाठी राखीव अवतरणचिन्ह असलेली दुसरी भाषा मला तरी माहीत नाही.

एकाच शब्दाबद्दल बोलायचं तर ‘झो’. मांजर चार पायांचं आहे, मांजर तीन अक्षरी आहे. यातल्या एकालाच शेपूट आहे. लोजबानमध्ये प्राणी ‘लो म्लातु’, शब्द ‘झो म्लातु’. ‘झो’ पुढचा एकच शब्द उचलतो, त्यामुळे त्याला मिटवायचं चिन्ह लागत नाही. ‘झो झो’ म्हणजे ‘झो’ हा शब्द. पाणिनीनं हाच प्रश्न ‘स्वं रूपं शब्दस्याशब्दसंज्ञा’ या सूत्रानं निकालात काढला होता: व्याकरणात शब्द आला की त्याचं रूप घ्यायचं, अर्थ नव्हे. नाहीतर ‘अग्नेर्ढक्’, म्हणजे अग्नीला ‘ढक्’ प्रत्यय लावा, हे सूत्र वाचून ‘आग्नेय’ बनवायला प्रत्यय निखाऱ्यावर ठेवावा लागला असता! लोजबाननं मात्र याच्या नेमकं उलट केलं. रूप हवं असेल तर तसं सांगा.

मघाशी एका ताईंनी विचारलं, यात मराठी वाक्य उद्धृत करता येईल का? येईल, ‘झोइ’नं. ‘झोइ’नंतर कोणताही एक लोजबान शब्द कुंपण म्हणून घ्यायचा, थांबायचं, परकं वाक्य बोलायचं, पुन्हा थांबून तोच शब्द म्हणायचा. अट इतकीच की तो शब्द आतल्या मजकुरात सुटा येऊ नये. नेहमीचं कुंपण म्हणजे ‘ग’ अक्षराचं नाव, उच्चार साधारण ‘गऽ’. आता मला आईचं ‘ये ग, बस’ हे वाक्य द्यायचंय. ती ‘ग’वर जराशी थांबली, की कुंपण तिथेच लागलं. बरं, ‘मऽ’ घेऊ म्हटलं, तर तिचं पुढचं वाक्य आहे, ‘म, काय झालं?’