शिक्षा संपते कधी?

तुरुंगातून सुटलेल्यांना नोकरी, या विषयाकडे येतोच, पण त्याआधी एक प्रयोग सांगू द्या. काही जणांनी तो माझ्याकडून आधीही ऐकलाय. ते हसताहेत, म्हणजे लक्षात आहे!

२००१ साल, अमेरिकेतलं मिलवॉकी शहर. डेव्हा पेजर ही समाजशास्त्राची संशोधक तेव्हा पीएचडी करत होती. तिनं कॉलेजात शिकणारे चार तरुण घेतले, दोन गोरे, दोन काळे. चौघांनी साध्यासुध्या नोकऱ्यांसाठी अर्ज करायचे. प्रत्येक जोडीतल्या एकानं सांगायचं, अमली पदार्थांच्या गुन्ह्यात मी दीड वर्ष तुरुंगात होतो. संदर्भ म्हणून चक्क पॅरोल अधिकाऱ्याचं, म्हणजे सुटलेल्या कैद्यावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव द्यायचं. काही दिवसांनी भूमिका बदलायच्या, म्हणजे माणूस तोच, हुशारी तीच, फरक फक्त गुन्ह्याच्या त्या एका नोंदीचा. खरं तर चौघांपैकी तुरुंगात कुणीच गेलेलं नव्हतं!

एकूण ३५० ठिकाणी अर्ज गेले. नोंद नसलेल्या गोऱ्याला १०० पैकी ३४ ठिकाणांहून बोलावणं आलं, नोंद असलेल्याला १७. काळ्या तरुणांचं काय? नोंद नसताना १४, असताना ५. पुन्हा ऐका: तुरुंगातून आलेला गोरा, कधीच तुरुंगात न गेलेल्या काळ्याच्या पुढे. हे आकडे मी कितीदा वाचलेत, तरी अजून पोटात गोळा येतो.

खरी गोष्ट तर पुढेच आहे. नंतर त्याच मालकांना फोन करून विचारलं, शिक्षा भोगून आलेला असा माणूस कामावर घ्याल का? निम्म्याहून जास्त जण म्हणाले, घेऊ की. आणि ‘घेऊ’ म्हणणाऱ्यांनी प्रत्यक्षात बोलावलं होतं का? नकार देणाऱ्यांपेक्षा जास्त नाही! म्हणून ‘समाजाची मानसिकता बदलली पाहिजे’ हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. मानसिकता विचारली तर सगळेच उदार असतात हो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मग झरझर सांगतो. ब्लमस्टीन आणि नाकामुरा या संशोधकांनी २००९ साली दाखवलं, की अठराव्या वर्षी दरोड्यासाठी पहिल्यांदा अटक झालेला माणूस पुढं स्वच्छ राहिला, तर साधारण पावणेआठ वर्षांनी त्यानं पुन्हा गुन्हा करण्याचा धोका समवयस्कांइतकाच उरतो. म्हणजे नोंदीलाही मुदत हवी. ब्रिटननं १९७४ च्या कायद्यानं ती दिली, गंभीर शिक्षा आणि काही संवेदनशील नोकऱ्या वगळून. अमेरिकेतल्या हवाई राज्यानं १९९८ मध्ये ठरवलं, आधी नोकरी देऊ करा, गुन्ह्याचं मग विचारा. जिथं कामाशी थेट संबंध असेल, तिथं नकार देता येतो. पीडितांचं काय, असं कुणी विचारेल. रास्त प्रश्न आहे. पण सुटून आलेला माणूस बेकार राहिला, तर पुढचा पीडित कोण असेल, हेही विचारा.

समोर संस्थाचालक बसलेत. तुमच्या अर्जात ‘कधी शिक्षा झाली आहे का’ हा रकाना पहिल्या पानावर असेल, तर तो तिथून काढा. विचारायचंच असेल, तर माणूस निवडल्यावर विचारा. कार्यक्रम संपल्यावर मी इथंच आहे. अर्ज घेऊन या, बसून बघू.