देवाची इच्छा, माणसाची इच्छा आणि न होणारी वाटणी

(कोल्हापुरात उपवासकाळातल्या एका संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

पाळकसाहेब, मंडळीतली वडीलधारी माणसं आणि बंधुभगिनींनो, सर्वांना सलाम.

आजचा विषय मी स्वतः मागून घेतलेला आहे, तेव्हा तो का मागितला ते आधी सांगतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या वर गेलं. 39 फुटांना इशारा आणि 43 ला धोका, हे आकडे आपल्याकडं शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. पूर ओसरल्यावर आम्ही काही जण चादरी आणि शिधा घेऊन नदीकाठच्या एका गावात गेलो. एका घरात छातीएवढ्या उंचीवर भिंतीला गाळाची रेघ उमटली होती आणि त्या रेघेखाली एक मावशी बसल्या होत्या. त्यांचा मुलगा त्याच आठवड्यात गेला होता. काय बोलावं ते मला सुचेना. मी म्हणालो, "मावशी, देवाची इच्छा." त्यांनी वर पाहिलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "सर, मग मी आता प्रार्थना कुणाकडं करायची? ज्यानं नेला त्याच्याकडंच?"

मी गप्प बसलो. रविवारच्या शाळेत कित्येक वर्षं देवाचं सार्वभौमत्व शिकवलं होतं, वचनं पाठ होती, आणि त्या बाईसमोर त्यातलं एकही उपयोगी पडलं नाही. तेव्हापासून मी हा विषय पुन्हा पहिल्यापासून वाचतो आहे. आज जे सांगणार आहे ते त्या मावशींना सांगायला हवं होतं, असं समजून ऐका.

आपल्या घरांत ख्रिस्ती विश्वास पिढ्यान्‌पिढ्या आहे, पण कानावर पडणारी भाषा सगळ्या मुलखाची आहे. बाळाच्या पाचवी-सहावीला सटवाई येते आणि कपाळावर लिहून जाते, ते कुणाला पुसता येत नाही, हे आपण आजीकडून ऐकलेलं असतं. आपण सटवाईला मानत नाही. पण दुःखाच्या वेळी "देवाची इच्छा" म्हणताना कित्येकदा आपण सटवाईचीच रेघ ओढतो, फक्त नाव बदलतो. फरक कुठं आहे? कपाळावरची रेघ ऐकत नाही. तिच्याशी बोलता येत नाही, भांडता येत नाही. पवित्र शास्त्रातला देव ऐकतो. अब्राहाम सदोम शहर वाचावं म्हणून पन्नास नीतिमान माणसांवरून दहापर्यंत त्याच्याशी घासाघीस करतो आणि देव प्रत्येक आकड्याला उत्तर देतो. ज्या देवाशी असं बोलता येतं त्याच्या सत्तेला नशीब म्हणता येणार नाही. आजच्या सगळ्या बोलण्याचा पाया हाच आहे.

आता आपल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वारशाकडं येऊ. अमेरिकन मिशनरी रॉयल गोल्ड वाइल्डर 1852 साली कोल्हापुरात आले आणि इथलं मिशनचं काम पुढं अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळीकडं गेलं. म्हणजे आपले पणजोबा ज्या शिकवणीत वाढले तिच्या मागं वेस्टमिन्स्टरचा विश्वासाचा अंगीकार आहे, म्हणजे मंडळी काय मानते ते मांडणारा लेख, 1646 साली लंडनमध्ये तयार झालेला. त्याचा तिसरा अध्याय देवाच्या सनातन संकल्पावर आहे. लोक त्यातलं पहिलंच अर्धं वाक्य सांगतात: जे जे घडतं ते देवानं अनादी काळापासून ठरवलं आहे. पण वाक्य तिथं संपत नाही. पुढं म्हटलं आहे की, तरीही देव पापाचा कर्ता ठरत नाही, निर्मिलेल्यांच्या इच्छेवर जबरदस्ती होत नाही, आणि दुय्यम कारणांचं, म्हणजे देवानं निर्मिलेल्या माणसांचं आणि गोष्टींचं, स्वातंत्र्य काढून घेतलं जात नाही, उलट ते पक्कं होतं. "पक्कं होतं" हे शब्द मी कित्येक वर्षं न थांबता वाचून गेलो होतो. देवानं ठरवलं म्हणून माणूस कमी मोकळा होतो, असं ते म्हणत नाहीत. देवानं ठरवलं म्हणूनच माणसाचं मोकळेपण खरं आहे, असं म्हणतात. हे कसं शक्य आहे?

इथं आपल्या मनातलं एक चित्र आडवं येतं. आपण शेतकऱ्यांची माणसं. दोन भाऊ म्हटले की आपल्याला सातबारा दिसतो. एकाच गटात दोघांची नावं. एकाला तीन एकर गेली की दुसऱ्याला तेवढी कमी. देव आणि माणूस यांच्याबद्दल आपण नेमकं असंच बोलतो. माझ्या तारणात देवाचा हिस्सा किती आणि माझा किती? नव्वद-दहा? पन्नास-पन्नास? एकदा ही वाटणी मांडली की एक तर देवाला कमी द्यावं लागतं, नाही तर माणसाला. पण देव आपल्या गटातला हिस्सेदार नाहीच. जमीन आहे, पाऊस आहे, भाऊ आहेत, ते सगळं त्याच्यामुळं आहे. थोमस अक्विनास या धर्मपंडितानं तेराव्या शतकात हे फार नीट मांडलं: देव हे पहिलं कारण आणि आपण दुय्यम कारणं, दोघं एकच काम पूर्णपणे करतात, अर्धं अर्धं नाही. प्रेषित पौलानं फिलिप्पैकरांना एका दमात लिहिलंय: भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, कारण इच्छा करणं आणि कृती करणं हे तुमच्या ठायी साधून देणारा देव आहे. या दोन वाक्यांच्या मध्ये "कारण" हा शब्द आहे. आपण असतो तर तिथं "पण" लिहिलं असतं.

आता इतिहास. सगळा सांगत बसलो तर रात्र होईल, म्हणून एकाच भांडणाजवळ जरा थांबतो. चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन होता. त्याची एक प्रार्थना होती: तू जी आज्ञा करतोस ते करण्याचं बळ दे, आणि मग हवी ती आज्ञा कर. ही प्रार्थना रोममध्ये वाचली गेली तेव्हा पेलेगियस नावाचा ब्रिटनहून आलेला साधक संतापला. त्याचं म्हणणं असं की, देवानं आज्ञा दिली म्हणजे ती पाळायची ताकद माणसात आहेच. नाही तर आळशी माणसाला आयतं निमित्त मिळेल. पेलेगियसला खलनायक करू नका. त्याच्या डोळ्यासमोर आपल्या खाटल्यावरी हरीची वाट पाहणारी माणसं होती, आणि त्यांच्यावरचा त्याचा राग खरा होता.

पण ऑगस्टीननं स्वतःचं मन आतून पाहिलं होतं. पगाराच्या दिवशी "उद्यापासून बंद" असं पोरांच्या डोक्यावर हात ठेवून सांगणारा आणि संध्याकाळी गुत्त्यावर दिसणारा माणूस आपल्या प्रत्येकाच्या गल्लीत आहे. त्याला कुणी बांधून नेत नाही. तो स्वतःच्या पायांनी जातो, स्वतःच्या इच्छेनं जातो, आणि तीच त्याची बेडी आहे. त्याला "तू मोकळा आहेस, सोड की" असं सांगणं म्हणजे मोडलेल्या पायाच्या माणसाला पळ म्हणणं. ऑगस्टीनचं उत्तर हे की कृपा इच्छेला बाजूला सारत नाही, ती इच्छेचं हाड बसवते. कार्थेजच्या परिषदेनं 418 मध्ये पेलेगियसची शिकवण नाकारली. पुढं 529 मध्ये ऑरेंजच्या परिषदेनं सांगितलं की पहिली हालचाल कृपेचीच असते, पण देवानं कुणाला वाईटासाठी नेमलं असं म्हणणाऱ्यांचाही तिनं निषेध केला. माझ्या मते इतक्या जुन्या काळी इतकं समतोल कुणी बोललेलं नाही.

नंतरची भांडणं भरभर सांगतो. आर्मिनियस हा डच धर्मपंडित 1609 मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमं मांडली की कृपा आधी येते खरी, पण माणूस तिला नाही म्हणू शकतो. त्यावर 1618-19 मध्ये नेदरलँड्समधल्या डॉर्टला सभा भरली आणि निकाल कॅल्विनच्या बाजूनं गेला, म्हणजे निवड पूर्णपणे देवाचीच असं शिकवणाऱ्या सोळाव्या शतकातल्या सुधारकाच्या. रोमन कॅथलिक मंडळीत डॉमिनिकन आणि जेझुइट या दोन साधुसंघांत याच प्रश्नावर वर्षानुवर्षं वाद चालला. 1607 मध्ये पोप पाचवे पॉल यांनी कुणालाच विजयी ठरवलं नाही, एकमेकांना पाखंडी म्हणायचं नाही एवढं बजावलं. आणि इंग्लंडचे दोन प्रचारक जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हिटफिल्ड, एक आर्मिनियसच्या बाजूचा, दुसरा कॅल्विनच्या. 1739 पासून त्यांचं जाहीर वाजलं. पण 1770 मध्ये व्हिटफिल्ड वारला तेव्हा लंडनमध्ये त्याच्यासाठी स्मृतिप्रवचन केलं ते वेस्लीनंच. आपल्याकडं मंडळ्या फुटतात तेव्हा मला हे प्रवचन आठवतं.

वचनांकडं वळू. सगळ्यात अवघड जागा फारोची, म्हणजे इस्राएल लोकांना गुलामीतून सोडायला नकार देणाऱ्या मिसरच्या राजाची. देवानं फारोचं मन कठीण केलं, मग त्याला शिक्षा का? निर्गमचे अध्याय सलग वाचा. देवानं मोशेला आधीच सांगून ठेवलंय की मी त्याचं मन कठीण करीन. पण मिसरावर देवाच्या पीडा सुरू झाल्यावर पहिल्या पाचांत कुठंच "परमेश्वरानं कठीण केलं" असं येत नाही. फारोचं मन कठीण झालं, त्यानं आपलं मन कठीण केलं, असंच येतं. सहाव्या पीडेला, गळवांच्या वेळी, परमेश्वरानं त्याचं मन कठीण केलं असं पहिल्यांदा येतं. आणि गारांनंतर पुन्हा फारो स्वतःच ते करतो. लेखकानं दोन्ही धागे मुद्दाम एकत्र विणलेत. ते सोडवून वेगळे करायला गेलं की कापडच फाटतं.

दुसरी जागा कुंभाराची, आणि ती तर आपल्या घरची. पौल रोमकरांना लिहितो की मातीनं कुंभाराला "मला असं का घडवलंस" म्हणून विचारावं काय? हे वचन मी लहानपणी गप्प बसवणारं वचन म्हणून ऐकलं. पण पौलाच्या आधी कुंभाराच्या घरी संदेष्टा यिर्मया गेला होता. त्याच्या अठराव्या अध्यायात भांडं कुंभाराच्या हातात बिघडतं, आणि कुंभार त्याच मातीचं दुसरं भांडं करतो. लगेच देव म्हणतो, एखाद्या राष्ट्राचा नाश करीन असं मी बोललो आणि ते वाईटापासून फिरलं, तर मीही फिरेन. आपल्या कुंभार गल्लीत चाकाजवळ थोडा वेळ उभे राहा. मातीत खडा लागला की बोटाला आधी कळतं. हात थांबतो, गोळा उतरतो, माती पुन्हा मळली जाते. सत्ता पूर्णपणे कुंभाराची आहे, आणि तरी त्याचं बोट सतत मातीचं ऐकत असतं.

माणूस म्हणजे यंत्र नाही हे सांगायला राधानगरीचं उदाहरण देतो. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या त्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला आलं की ते आपोआप उघडतात. दरवाजा उघडला म्हणून त्याचा कुणी सत्कार करत नाही, की खाली पाणी आलं म्हणून त्याच्यावर कुणी खटला भरत नाही. पण त्याच पुरात जो स्वतःची नाव घेऊन शेजारच्याच्या माळ्यापर्यंत गेला त्याला आपण हात जोडतो, आणि ज्यानं नाव असून दार लावून घेतलं त्याच्याबद्दल अजून बोलतो. देवाचं राज्य नाव वल्हवणाऱ्या माणसांवर आहे. ज्याला भावांनीच खड्ड्यात टाकलं तो योसेफ पुढं त्यांना म्हणतो, तुम्ही माझं वाईट योजलंत, पण देवानं ते चांगल्यासाठी योजलं. भावांचं पाप तो पुसत नाही. आणि हे तो केव्हा म्हणतो ते पाहा. मिसरात, बाप वारल्यावर, सगळं मागं पडल्यावर. खड्ड्यात पडलेल्या योसेफाला वरून कुणी "देवाची योजना" म्हणून ऐकवलेलं नाही.

माझी चूक तिथं होती. देवाच्या सार्वभौमत्वाची साक्ष ज्यानं सोसलं त्यानं, मागं वळून, स्वतःच्या तोंडानं द्यायची असते. मी ती दुसऱ्याच्या घरात, गाळ वाळायच्या आत, मावशींच्या वतीनं दिली. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं दगावली, तेव्हा येशूनं ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असा उलट प्रश्न विचारून "नाही" असं स्पष्ट सांगितलं. त्या अठरांच्या मरणाचं कारण त्यानं दिलं नाही. आणि आपल्याच परंपरेचा एक निर्णय इथं मुद्दाम सांगतो: अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळीनं 1903 मध्ये त्या अंगीकाराला खुलासा जोडला की तिसऱ्या अध्यायातला देवाचा संकल्प हा सर्व मानवजातीवरच्या त्याच्या प्रेमाशी जुळवूनच समजायचा, आणि बालपणी मरणारी सगळी लेकरं तारणासाठी निवडलेल्यांत आहेत. कित्येक आयांचं रडणं ऐकल्यानंतरच एखादी मंडळी असं लिहीत असेल.

मावशींचा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे: प्रार्थना कुणाकडं? क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू आधी स्वतःची इच्छा सांगतो. हा प्याला टळू दे. ती त्यानं गिळून टाकली नाही, मोठ्यानं सांगितली, घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडेपर्यंत सांगितली. "तरी माझ्या इच्छेप्रमाणं नको" हे त्या मागणीच्या नंतर येतं. ज्या देवाजवळ स्वतः पुत्र आधी नको म्हणाला, त्याच्याजवळ त्या मावशी काहीही म्हणू शकतात, "तूच नेलास का?" हेसुद्धा. जवळजवळ दोन वर्षांनी, 2021 च्या पुराआधी, मी त्यांच्याकडं पुन्हा गेलो आणि क्षमा मागितली. त्यांनी चहा ठेवला. म्हणाल्या, "भांडते मी त्याच्यासंगं रोज. बोलनं बंद न्हाई केलं."

पुढच्या शुक्रवारी रोमकरांस पत्र घेऊ. नववा अध्याय घरून वाचून या, पण कृपा करून नवव्यावर पुस्तक मिटू नका. अकराव्याच्या शेवटापर्यंत वाचा, जिथं देवानं सर्वांवर दया करावी असं येतं आणि पौलाचं बोलणं गाण्यात जातं. मराठी आणि इंग्रजी दोन्ही प्रती असतील त्यांनी दोन्ही आणा. वेळ साडेसहाची.