पीडीएफ नको, सोर्स पाठवा

(उन्हाळ्यातला पाटणादेवीचा डोंगर. मग चाळीसगावातली एक खोली, कूलरचा आवाज, टेबलावर लॅपटॉप.)

चाळीसगावजवळचं हे पाटण. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, त्याने इथे मठ काढला, कशासाठी तर आजोबांचा सिद्धांतशिरोमणी आणि बाकीचे ग्रंथ इथे शिकवले जावेत म्हणून, आणि ते सगळं तेराव्या शतकाच्या सुरुवातीला दगडावर कोरून ठेवलं. पुढे एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाडांनी तो शिलालेख जगासमोर आणला, नाहीतर आपल्याला पत्ताही नसता.

याच सिद्धांतशिरोमणीतला एक भाग म्हणजे लीलावती. आणि या खोलीत बसलेत ते गणिताचे सर, घरात सगळे त्यांना नाना म्हणतात, आपणही नानाच म्हणू. नानांनी लीलावतीतली काही गणितं अहिराणीत आणली, देवनागरी आकड्यांसकट, आकृत्यांसकट, आणि सगळं लाटेकमध्ये, म्हणजे छपाईसाठी मजकूर जुळवणाऱ्या प्रोग्राममध्ये लावलं. इंजिनीअरिंगला असलेला पुतण्या म्हणाला, नाना, हे लावलं कसं तेच लिहा ना, टगबोटला पाठवून देऊ. नाना म्हणाले, देऊ की, त्यात काय, पीडीएफ तर तयारच आहे.

तिथूनच खरं काम सुरू झालं, कारण टगबोटला पीडीएफ नकोच असते. म्हणजे पाठवायची असते, पण ती सोबत. मागतात ते सोर्स, म्हणजे ज्या मूळ फाईलमधून पीडीएफ तयार होते ती फाईल.

टगबोट काय आहे ते आधी पटकन सांगतो. डोनाल्ड कनुथ नावाचे अमेरिकन प्राध्यापक, १९७७ साली त्यांच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रूफं आली, छपाई खिळ्यांवरून फोटोटाइपसेटिंगवर गेली होती, अक्षरं बघून ते इतके वैतागले की स्वतःच जुळणीचा प्रोग्राम लिहायला बसले. तो टेक. त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ऐंशीच्या दशकात लाटेक रचलं, आपण सगळे वापरतो ते. टेक वापरणाऱ्यांची संघटना म्हणजे टग, आणि तिचं नियतकालिक टगबोट, १९८० पासून चालू आहे, वर्षाला तीन अंक. बार्बरा बीटन यांनी १९८३ पासून कितीतरी वर्षं ते संपादित केलं. आपल्याकडेही टेकची मंडळी जुनी आहेत, त्यांचा अड्डा मुख्यतः केरळात, टगची परिषद तिरुवनंतपुरमला २००२ मध्ये भरली, २०११ मध्ये भरली, २०२५ मध्ये परत भरली.

आता टाइपसेटिंगवाल्यांच्या नियतकालिकाला लाटेकचा लेख पाठवायचा म्हणजे बामणोदच्या माणसाला भरीत खाऊ घालायचं. तो नुसती चव नाही बघत, वांगं कुठलं आणि भाजलं कशावर तेपण विचारतो. इथला संपादक तुमची फाईल उघडतो, स्वतःच्या मशीनवर कंपाईल करतो, म्हणजे तिच्यातून पीडीएफ काढतो, आत काय काय केलंय ते वाचतो, आणि त्यातच दुरुस्त्या करून अंकात बसवतो. त्यामुळे फाईल अशी पाहिजे की दुसऱ्याला तिच्यात हात घालता आला पाहिजे.

(स्क्रीनवर फाईलचा वरचा भाग.)

हे बघा नानांच्या फाईलचं डोकं. पीएचडीच्या प्रबंधापासून चालत आलेली पॅकेजं, म्हणजे लाटेकला जोडायच्या तयार पुरवण्या, एकाखाली एक, स्क्रीनभर. जिओमेट्री आहे, फॅन्सीहेडर आहे, सेटस्पेस आहे, टायटलसेक आहे. निम्म्यांचं आता काम काय ते नानांनाही सांगता आलं नाही, आणि खरं सांगू का, हे घरोघरी असंच असतं, कुणीतरी सीनियरने दिलेली फाईल पुढे पुढे चालत राहते.

टगबोटचा स्वतःचा क्लास आहे, नाव एलटगबोट, टेक लाइव्ह, म्हणजे टेकचा सगळा संच, टाकलेलं असेल तर तुमच्या मशीनवर आत्ताही पडलेला असेल. मार्जिन किती, हेडिंग कसं, पानाच्या वर काय, सगळं त्याने ठरवलेलं. मग वर जिओमेट्री टाकून पान हलवायचं कशाला? पुतण्याने एकेक ओळ कॉमेंट केली, म्हणजे तात्पुरती बंद केली, आणि दरवेळी कंपाईल करून बघितलं, ज्याच्यावाचून काही अडलं नाही ते काढून टाकलं. मग क्लासच्या ठरलेल्या कमांडा : टायटल, ऑथर, मग ॲड्रेस, नेटॲड्रेस म्हणजे ईमेल, आणि अगदी शेवटी मेकसिग्नेचर, म्हणजे पत्ता लेखाच्या शेवटी आपोआप येतो. नानांनी पत्ता नावाखाली हाताने टाइप केला होता, सेंटर करून, व्हीस्पेस मारून. गेला तो.

हाताने मारलेले व्हीस्पेस म्हणजे मोकळी जागा, न्यूपेज म्हणजे नवं पान, ओळ मोडायला शेवटी दोन बॅकस्लॅश, हे सगळं काढायचंच. तुमच्या पानावर जे छान बसलंय ते त्यांच्या अंकात दुसऱ्या पानावर, दुसऱ्या जागी येणार, मग ते ठिगळ मध्येच कुठेतरी दिसणार.

मग कॉलम. टगबोटचं पान दोन कॉलमचं, एक कॉलम २२५ पॉइंट रुंद, म्हणजे जेमतेम आठ सेंटिमीटर. कोडसाठी जो टाइपरायटर फॉन्ट येतो त्याचं दहा पॉइंटात एक अक्षर सव्वापाच पॉइंट घेतं, भागाकार करा, ४२ अक्षरं बसतात एका ओळीत. ४२! नानांच्या कोडच्या ओळी ऐंशी-ऐंशीच्या, सगळ्या शेजारच्या कॉलममध्ये घुसल्या. कोड छापायला जे व्हर्बेटिम वापरतात ते आपणहून ओळ मोडत नाही, तुम्ही टाइप केली तशीच ठेवतं, त्यामुळे ओळी हाताने तोडाव्या लागल्या, आणि तोडायच्या त्याही अशा की वाचणाऱ्याने तशाच उतरवून घेतल्या तरी चालल्या पाहिजेत. लॉगमध्ये, म्हणजे कंपाईल करताना तयार होणाऱ्या नोंदींच्या फाईलमध्ये, ओव्हरफुल एचबॉक्स, म्हणजे ओळ बाहेर गेली, अशी वॉर्निंग येते ती आपण एरवी सोडून देतो, हो ना? इथे नाही सोडायची. क्लासला ड्राफ्ट ऑप्शन दिला की जिथे ओळ बाहेर गेलीय तिथे काळा ठोकळा दिसतो, शोधत बसावं लागत नाही.

(स्क्रीनवर एकच शब्द, मोठा : ऱ्हायनं.)

आता आपल्या घरचं दुखणं, देवनागरी.

अहिराणीत दर दुसऱ्या वाक्यात करी ऱ्हायना, चाली ऱ्हायनं असं येतं. हा ऱ्ह नीट बघा. साधा र, हलन्त, ह असं टाइप केलं तर रफार ह च्या डोक्यावर चढतो आणि र्हायनं होतं, आपल्या डोळ्याला लगेच खुपतं. नुक्ता असलेला ऱ घेऊन हलन्त दिला की ती आडवी पापणी येते. नानांच्या लेखात दोन्ही प्रकार होते, काही मजकूर मोबाईलवर टाइप केलेला, काही लॅपटॉपवर, कीबोर्डने जे दिलं ते. आपल्याला हे दिसतं, पण संपादकाला देवनागरी येत असेल असं का धरून चालायचं? त्याच्यासाठी र्हा काय नि ऱ्हा काय. प्रूफात चुकलं तर त्याला कळणारही नाही.

फॉन्टचं तसंच. नानांकडे श्रीलिपीचे जुने फॉन्ट होते, डीटीपीवाल्याकडून आलेले. दिसायला झकास, पण विकतचे आणि युनिकोडच्या आधीचे, ते काही परदेशी पाठवता येत नाहीत. मग शोभिका घेतला, आयआयटी मुंबईत बनलेला, मोफत, आणि मुख्य म्हणजे टेक लाइव्हमध्ये आधीच असतो, म्हणजे संपादकाकडेही असणार. इथे एक बारीक गोष्ट आहे जी फार लोकांना माहीत नसते. झीलाटेकमध्ये, म्हणजे लाटेकच्या युनिकोड चालवणाऱ्या अवतारात, फॉन्ट नुसत्या नावाने बोलावला तर तो सिस्टीममध्ये इन्स्टॉल आहे का ते बघितलं जातं, पण फाईलच्या नावाने, म्हणजे शोभिका-रेग्युलर डॉट ओटीएफ असं बोलावलं तर टेकच्या स्वतःच्या फोल्डरमधून उचलला जातो. दुसऱ्याच्या मशीनवर ही फाईलच्या नावाची पद्धत चालते. सोबत स्क्रिप्ट देवनागरी, लँग्वेज मराठी हे दोन ऑप्शन. स्क्रिप्ट विसरलात तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी पडतात.

आणि आकडे, हे सगळ्यात लबाड प्रकरण. नानांनी डॉलरच्या आत देवनागरी आकडे टाकले होते, म्हणजे मॅथ मोडमध्ये. गणिताच्या फॉन्टमध्ये देवनागरी आकडे नसतातच. तर टेकने काय करावं, एरर द्यावा ना? नाही देत. जागा रिकामी सोडतं आणि लॉगमध्ये एक ओळ लिहितं, मिसिंग कॅरेक्टर. पीडीएफमध्ये बरोबरचं चिन्ह आहे, दोन्ही बाजूंना काही नाही, आणि कंपाईल मात्र व्यवस्थित झालंय. २०२१ च्या टेक लाइव्हपासून ट्रेसिंगलॉस्टकॅरेक्टर्स नावाच्या सेटिंगला ३ किंमत दिली की असं अक्षर हरवल्यावर सरळ एरर येतो. देवनागरी लिहिणाऱ्याने ही ओळ फाईलच्या डोक्यावर कायमचीच ठेवावी असं माझं मत. आकडे मग टेक्स्ट कमांडच्या आत टाकून मराठी फॉन्टमध्ये घेतले.

(आकृती : खांब, मोर, साप.)

लेखात आकृती एकच आहे, लीलावतीतलं मोर आणि सापाचं गणित. खांब ९ हात उंच, वर मोर, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. साप खांबाच्या तिप्पट अंतरावर, म्हणजे २७ हातांवर दिसतो आणि बिळाकडे निघतो, मोर तिरका झेप घेतो, दोघं सारखंच अंतर कापतात, तर बिळापासून किती हातांवर गाठ पडते? १२ हात. मोर १५ गेला, साप १५ गेला.

नानांची आकृती म्हणजे स्क्रीनशॉट होता, मोराची रेघ हिरवी, सापाची लाल. छापील टगबोट सहसा काळा-पांढरा असतो, त्यात हिरवी आणि लाल दोन्ही सारख्याच करड्या, शिवाय स्क्रीनशॉट छपाईत फुटतो तो वेगळाच. म्हणून टिक्झमध्ये, म्हणजे लाटेकमध्येच आकृत्या काढायच्या पॅकेजात, परत काढली, मोराची रेघ सलग, सापाची तुटक, नावं त्याच शोभिकात. रुंदी कॉलमविड्थ अशी दिली, सेंटिमीटरचा आकडा नाही टाकला.

एवढं झालं आणि नाना म्हणाले, चला, पाठवा. पुतण्याने एक रिकामं फोल्डर केलं, फाईल त्याच्या लॅपटॉपवर घेतली आणि कंपाईल मारलं.

"नाना, मन्हा मशीनवर नही चालनं."

"मन्हा मशीनवर तं चाली ऱ्हायनं!"

नानांची स्वतःची एक स्टाईल फाईल होती, वर्षानुवर्षं जमवलेल्या मॅक्रोंची, म्हणजे स्वतः बनवलेल्या कमांडांची, ती त्यांच्या होम फोल्डरमधल्या टेक्समएफ नावाच्या फोल्डरमध्ये पडलेली, टेक तिथून गुपचूप उचलत होतं आणि नाना ती फाईल आहे हेच विसरून गेलेले. त्यातले लेखात लागणारे मॅक्रो फार थोडे निघाले, ते उचलून फाईलच्या वर ठेवले, बाकी सोडले. नानांना जरा लागलं ते, पण करायला लागतं, कारण संपादकाला प्रत्येक नवा मॅक्रो म्हणजे एक नवा प्रश्न. हेडरमध्ये लिस्टफाइल्स ही कमांडपण टाकली, लॉगच्या शेवटी सगळ्या पॅकेजांची नावं आणि आवृत्त्या येतात, पुढे कुठे फरक पडला तर शोधायला बरं.

फाईलची नावंही बदलली. "लेख फायनल नवीन २" असं स्पेस आणि देवनागरीवालं नाव इकडून तिकडे जाताना कुठे तरी तुटतंच. साधी रोमन अक्षरं, मध्ये हायफन.

(मेलची खिडकी.)

तर मेलमध्ये एक झिप. आत टेक फाईल, संदर्भांची बिब फाईल आणि तिच्यातून निघालेली संदर्भयादी म्हणजे बीबीएल, आकृतीचा सोर्स, लॉग, आणि नानांच्या मशीनवर तयार झालेली पीडीएफ. ही पीडीएफ छापायला नाही, ताडून बघायला. आणि एक छोटी टेक्स्ट फाईल, त्यात झीलाटेकने कंपाईल करा, फॉन्ट शोभिका, दोनदा चालवा, आणि पुढची ओळ खास संपादकासाठी : चौथ्या उदाहरणातलं ऱ्ह पीडीएफमध्ये दिसतंय तसंच दिसलं पाहिजे, डोक्यावर आकडी आली तर ते चूक आहे.

पाठवल्यावर स्वतःच्या फाईलला हात लावायचा नाही, हे नानांना दोनदा सांगावं लागलं. तिकडे संपादक त्याच सोर्समध्ये इंग्रजी नीट करतो, ओळी बसवतो, आणि प्रूफ म्हणून पीडीएफ परत येते. त्यावर उत्तर द्यायचं ते मेलमध्ये, पान अमुक, कॉलम डावा, ओळ अमुक, हे असं पाहिजे. जुन्या फाईलमध्ये बदल करून ती परत पाठवली तर त्यांनी केलेली सगळी कामं पुसली जातात. लेखाचा कॉपीराइट लेखकाकडेच राहतो, त्यामुळे नाना हाच मजकूर पुढे अहिराणी पुस्तकाच्या प्रस्तावनेत घालणार आहेत, तिथे मात्र कॉलम एकच, आणि कोडच्या ओळी ऐंशीच्या.