एका वर्षात नोकरी लागली म्हणजे माणूस रुजला का?

नमस्कार. आधी एक प्रश्न वाचून दाखवते, मग बाकीचं बोलू. 'गेल्या बारा महिन्यांत, तुमच्या घरातले नसलेल्या इथल्या लोकांसोबत तुम्ही किती वेळा रात्रीचं जेवलात?' उत्तरं 'कधीच नाही' पासून 'जवळपास रोज' पर्यंत. हा प्रश्न मी बनवलेला नाही, अमेरिकेतली स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी आणि स्वित्झर्लंडमधलं ईटीएच झ्युरिक यांची मिळून इमिग्रेशन पॉलिसी लॅब नावाची एक लॅब आहे, त्यांनी २०१८ मध्ये स्थलांतरित माणूस नव्या देशात कितपत रुजलाय हे मोजायला जी प्रश्नावली काढली त्यातला आहे. छोटी आवृत्ती बारा प्रश्नांची, मोठी चोवीसची. सहा बाजूंनी माणसाकडे बघतात: मनाने तो इथला झालाय का, पैशापाण्याचं काय, राजकारण समजतं का, ओळखीपाळखी किती, भाषा किती येते, आणि सहावी बाजू म्हणजे इथल्या व्यवस्थेत त्याला स्वतःची वाट काढता येते का.

मला ही सहावी बाजू फार महत्त्वाची वाटते. त्यात विचारतात की या देशात डॉक्टरकडे जायचं झालं तर तुम्हाला किती अवघड जाईल. वाटतं की हा भाषेचाच प्रश्न आहे, पण तसं नाहीये. समजा रात्री दोन वाजता पोराला ताप चढलाय. आईला नवी भाषा बऱ्यापैकी येते, ताप हा शब्द माहितीय, थर्मामीटरवरचा आकडा सांगता येतो, पण फोन कुठल्या नंबरवर करायचा, आधी फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी लागते की थेट इमर्जन्सीत जायचं, विम्याचं कार्ड नवऱ्याच्या नावावर आहे ते पोराला चालेल का, बिल नंतर घरी येईल का आणि आलं तर किती, आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे हे कागद कुठेतरी आपल्या राहण्याच्या अर्जाला जोडले जातील का, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. त्यामुळे ती सकाळपर्यंत थांबते, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसते. आता भाषेच्या परीक्षेत ही बाई पास आहे, नवऱ्याला काम आहे म्हणून घराचं उत्पन्नही ठीक दिसतं, पण या एका प्रश्नावर तिचं उत्तर असणार 'खूप अवघड'. आणि तेच उत्तर खरं आहे.

मी हे एवढं सविस्तर सांगतेय कारण सहसा मोजलं काय जातं? नोकरी. किती महिन्यांत लागली, किती टक्के लोकांना लागली. कारण तो आकडा सरकारच्या रेकॉर्डमध्ये आयता पडलेला असतो, आणि जे आयतं मिळतं ते मोजायचं आणि मग हळूहळू तेच महत्त्वाचं आहे असं मानायला लागायचं, असं होतंच.

जॉर्डनचं बघा. २०१६ मध्ये जॉर्डनने मदत करणाऱ्या देशांसोबत एक करार केला, त्यात सिरियन निर्वासितांसाठी जवळपास २ लाख रोजगाराच्या संधी खुल्या करायचं ठरलं, त्या बदल्यात अनुदान, स्वस्त कर्ज आणि युरोपियन युनियनकडून व्यापारात सवलत. चांगली गोष्ट होती, निर्वासितांना कायदेशीर काम करू देणं ही फार मोठी गोष्ट आहे, त्याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. पण प्रगती मोजायची कशी, तर वर्क परमिट किती दिले ते मोजा. मग परमिटचा एकूण आकडा वाढत गेला, त्यात त्याच माणसाचं परमिट रिन्यू झालं तरी ते पुन्हा धरलं जायचं, परमिट आहे पण काम नाही असेही त्यात आले, आणि काम आहे पण परमिट नाही असे कुठेच आले नाहीत. बायकांच्या वाट्याला तर परमिटं फारच थोडी आली. सगळी यंत्रणा परमिट वाटायच्या मागे लागली आणि त्या माणसाला पगार वेळेवर मिळतो का, किती मिळतो, हे मागे पडलं.

दुसरी गोष्ट म्हणजे मोजायचं कधी. जर्मनीत २०१५ मध्ये जे निर्वासित आले त्यांची पाहणी तिथल्या संस्था २०१६ पासून दरवर्षी करतायत, आणि मुख्य म्हणजे शक्यतो त्याच त्याच माणसांना पुन्हा भेटून. पहिल्या वर्षी काम करणारे अगदी थोडे होते. तेव्हाच निकाल लावला असता तर सगळे नापास. २०२२ मध्ये, म्हणजे सात वर्षांनी, २०१५ ला आलेल्यांपैकी ६४ टक्के कामाला लागलेले होते. पण या ६४ च्या पोटात शिरलात तर पुरुष साधारण चारातले तीन आणि बायका साधारण तिघींतली एक. म्हणजे सरासरी बघून आनंद मानायचा आणि घरात बसलेली बाई कुणाला दिसतच नाही. ती का बसलीय याची कारणं पण काही गूढ नाहीत, लहान मुलं आहेत, पाळणाघरात जागा मिळत नाही, भाषेच्या वर्गाला नवरा आधी जातो आणि तिचा नंबर पोरं शाळेत जायला लागल्यावर येतो.

त्याच त्याच माणसांना पुन्हा भेटायचं, हे मी मुद्दाम म्हणाले. ही अर्थशास्त्रातली जुनी आणि मला फार आवडणारी गोष्ट आहे. १९७८ मध्ये बॅरी चिझविक यांनी अमेरिकेतल्या जनगणनेवरून दाखवलं की जे जास्त वर्षं राहिलेत ते जास्त कमावतात, म्हणजे काळ जाईल तशी माणसं वर येतात. १९८५ मध्ये जॉर्ज बोरहास म्हणाले की थांबा, तुम्ही एकाच दिवशी दोन वेगळ्या गटांना बघताय, वीस वर्षांपूर्वी आलेले लोक आणि काल आलेले लोक, ती माणसंच वेगळी होती, कदाचित आधी आलेल्यांची सुरुवातच बरी झाली असेल. आणि २००७ मध्ये डॅरन लुबॉट्स्की यांनी आणखी एक भोक दाखवलं, जे जमलं नाही म्हणून परत गेले ते तुमच्या मोजणीतून गायबच झालेत ना. मागे उरलेल्यांची सरासरी आपोआप वर जाते. त्यांनी त्याच माणसांच्या कमाईचा वर्षानुवर्षांचा रेकॉर्ड घेतला तर स्थलांतरितांची कमाई स्थानिकांच्या जवळ यायचा वेग आधीच्या अंदाजाच्या साधारण निम्माच निघाला. हे ऐकायला कोरडं वाटेल, पण विचार करा, जो माणूस हरून परत गेला त्याचं जाणं आकड्यात यश म्हणून दिसतं. मला हे वाचल्यावर बरेच दिवस अस्वस्थ वाटत होतं.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. आपण पट्टी लावतो ती नेहमी आलेल्या माणसाच्या अंगाला. तो भाषा शिकला का, त्याने काम शोधलं का, त्याने मित्र केले का. दाराला पट्टी कुणी लावतच नाही, ते किती उघडलं होतं?

स्वित्झर्लंडचं उदाहरण घ्या. तिथे आश्रयाच्या अर्जाचा निकाल कुणाला लवकर मिळायचा, कुणाला वर्षानुवर्षं नाही. येन्स हाइनम्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हा डेटा तपासला तर निकालासाठी एक वर्ष जास्त थांबावं लागलं की पुढे नोकरी असण्याचं प्रमाण ४ ते ५ टक्के पॉइंटनी घसरतं. माणूस तोच, शिक्षण तेच, फक्त एक वर्ष जास्त रांगेत. त्या वर्षात माणूस काय करत असतो? सकाळी उठतो, पोस्टाची पेटी बघतो, पत्र नाही, परत खोलीत. भाषा शिकावी तर इथे राहायला मिळणार की नाही तेच माहीत नाही. उमेद जाते आणि ती एकदा गेली की परत आणायला खूप वेळ लागतो. मग नोकरीच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे शून्य पडतं आणि लोक म्हणतात की याला रुजायचंच नाही.

किंवा जर्मनीतला अर्जांचा प्रयोग. डॉरिस वाइक्सेलबाउमर यांनी कंपन्यांना खोटे अर्ज पाठवले, शिक्षण सारखं, अनुभव सारखा, फोटोतली बाई पण तीच. नाव झांड्रा बाउअर असं जर्मन असेल तर १८.८ टक्के ठिकाणांहून मुलाखतीचं बोलावणं आलं. नाव मेर्येम ओझटुर्क असं तुर्की केलं तर १३.५ टक्के. आणि नाव मेर्येमच ठेवून फोटोत डोक्यावर स्कार्फ आला की ४.२ टक्के. लक्षात घ्या, या अर्जातली मेर्येम सगळं जर्मनीतच शिकलेली दाखवली होती, भाषेचा काही प्रश्नच नव्हता. म्हणजे तिने अजून किती रुजायचं? हा ४.२ चा आकडा तिच्याबद्दल काहीच सांगत नाही, तो अर्ज उघडणाऱ्याबद्दल सांगतो. माझ्या मते प्रत्येक देशाच्या इंटिग्रेशनच्या रिपोर्टमध्ये स्थलांतरितांच्या बेकारीच्या रकान्याशेजारीच हा असा रकाना छापला पाहिजे, त्याच पानावर.

दार मोजायचा एक मोठा प्रयत्न आहे, मायपेक्स नावाचा. त्यात देशांची धोरणं आठ बाबतीत तपासून शंभरपैकी मार्क देतात: कामाचा हक्क, कुटुंबाला बोलवायचा हक्क, शिक्षण, आरोग्य, राजकारणात भाग, कायमचा रहिवास, नागरिकत्व, भेदभावाविरुद्ध कायदा. २०२० च्या आवृत्तीत स्वीडन ८६ मार्कांनी पहिला होता. पण ही कागदावरची धोरणं झाली, आणि त्याच स्वीडनमध्ये बाहेर जन्मलेले आणि तिथले यांच्या रोजगारात मोठी दरी आहे, त्यामुळे एकट्या मायपेक्सवरही भागत नाही. तरी निदान सरकारची परीक्षा घ्यायची हा विचार त्यात आहे. आणि हा विचार काही नवा नाही, १९५१ च्या निर्वासित कराराचं कलम ३४ काढून बघा, त्यात लिहिलंय की निर्वासितांच्या नागरिकत्वाचं काम लवकर व्हावं आणि त्याची फी आणि खर्च शक्य तेवढा कमी असावा यासाठी सरकारांनी सर्व प्रयत्न करावेत. जबाबदारी कुणावर टाकलीय बघा. किती देश दरवर्षी छापतात की नागरिकत्वाला सरासरी किती महिने लागले आणि त्या कुटुंबाचे किती पैसे गेले?

आणखी एक गैरसमज, की आपल्याच लोकांच्या वस्तीत राहणारा माणूस रुजत नाही. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं, ब्रिटनमध्ये साधारण २७-२८ हजार लोक आले, त्यांच्यासाठी नेमलेल्या बोर्डाने शहरांचे लाल आणि हिरवे असे भाग पाडले, लाल म्हणजे इथे जाऊ नका, आधीच गर्दी आहे. लेस्टरच्या नगरपालिकेने तर युगांडातल्या पेपरात जाहिरात दिली की आमच्याकडे येऊ नका. लोक तरी लेस्टरला गेले, कारण तिथे ओळखीचं कुणीतरी होतं, कुणाच्या तरी खोलीत पहिला महिना काढता येत होता. स्वीडनने १९८५ पासून निर्वासितांना देशभर पांगवलं, आणि त्या डेटावर २००३ मध्ये अभ्यास झाला तेव्हा असं दिसलं की कमी कौशल्याच्या लोकांच्या बाबतीत, आपल्या माणसांची वस्ती जिथे दाट तिथे त्यांची कमाई उलट वाढली. हे आतून साहजिक आहे, पहिलं काम कुणीतरी आपलंच माणूस लावून देतं. म्हणून सुरुवातीला मी जो जेवणाचा प्रश्न वाचला तो चांगला आहे, पण त्याच्या जोडीला हा पण हवा की अडचणीत पहिला फोन कुणाला कराल. दोन्ही नाती लागतात. अ‍ॅलिस्टर एगर आणि अ‍ॅलिसन स्ट्रँग यांनी २००८ मध्ये जी मांडणी केली त्यात आपल्यातल्यांशी नातं, बाहेरच्यांशी नातं आणि सरकारी यंत्रणेशी नातं असं तिन्ही वेगळं धरलंय, आणि पाया म्हणून हक्क आणि नागरिकत्व. मला अजून तरी ती मांडणी सगळ्यात माणुसकीची वाटते.

शेवटचं, मोजणं थांबवायचं कधी. बाहेरून आलेल्यांच्या इथेच जन्मलेल्या मुलांना 'स्थलांतरित' च्या रकान्यात किती पिढ्या ठेवायचं? नेदरलँड्सच्या सांख्यिकी खात्याने २०१६ मध्ये 'अलॉख्तोन' हा शब्द वापरणं बंद केलं, त्यात आईवडिलांपैकी एक जरी परदेशात जन्मलेला असला तरी मूल त्या रकान्यात जायचं. ते पोर तिथेच जन्मलं, तिथल्याच शाळेत गेलं, आणि कागदावर तरी परकंच. निदान तो शब्द गेला ते बरं झालं. पण दुसरीकडे फ्रान्स, तिथे वंशावरून माणसं मोजायला कायद्याने कडक बंधनं आहेत, आणि हेतू चांगला असला तरी मग भेदभाव होतोय हे सिद्ध कसं करायचं? म्हणून तिथल्या संस्थांनी २००८-०९ मध्ये मोठा सर्व्हे केला, त्यात आईवडील कुठे जन्मले ते विचारलं, आणि २०१९-२० च्या फेरीत तर आजीआजोबांचाही जन्मदेश विचारला. मला कुणी विचारलं तर आजीचा देश विचारायला माझी हरकत नाही, फक्त त्याच फॉर्ममध्ये, त्याच्या आधी, हे विचारलेलं असावं की गेल्या पाच वर्षांत घर भाड्याने घेताना किंवा नोकरी मागताना तुम्हाला कुणी नकार दिला का, आणि तुम्हाला काय वाटतं, का दिला.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊया.