चोचीला काम हवं

[अक्रोड फुटतानाचा जवळचा शॉट. आवाज पूर्ण.]

ही चोच बघा. तिचा वरचा भाग कवटीला सांध्याने जोडलेला आहे, म्हणून तोही हलतो. आत जाड, कोरडी जीभ. त्या जिभेत हाड असतं. अक्रोड फिरवून फिरवून ती नेमकी फट शोधून काढते. पायाला चार बोटं, दोन पुढे आणि दोन मागे, त्यामुळे पकड पक्की. एवढी अवजारं घेऊन जन्मलेला हा पक्षी नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये राहतो. नाव हिरा. जात ब्लू अँड गोल्ड मकाव, मोठ्या पोपटांतली एक.

[गॅलरी. हिरा पंख पसरतो.]

टोकापासून टोकापर्यंत जवळपास एक मीटर. वजन किलोच्या आसपास. याचे भाईबंद दक्षिण अमेरिकेच्या जंगलात जोडीजोडीने उडतात, फळं आणि बिया शोधत लांब जातात. दिवसाचे कित्येक तास त्यांचं हेच चालतं. हिरा पिंजऱ्यात जन्मला, त्याने जंगल पाहिलेलं नाही. पण शोधायची आणि फोडायची ओढ त्याच्यात तेवढीच आहे. वाटीभर बिया समोर ठेवल्या तर तासाभरात खाणं आटोपतं. उरलेल्या दिवसाचं त्याने काय करायचं?

[सकाळ. स्वयंपाकघराचा ओटा. काकूंचे हात.]

काकूंच्या ओट्यावर रोज दोन न्याहाऱ्या लागतात. एकीकडे घरच्यांचे पोहे, दुसरीकडे हिराचा डबा. गाजर, लाल भोपळा, पपई, शेवग्याचा पाला, मोड आलेले मूग आणि मटकी. सूर्यफुलाच्या बिया फक्त बक्षीस म्हणून, मोजून. नुसत्या बियांवर वाढलेल्या पोपटाला अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि अंगात चरबी साठते. ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी त्याच्या आसपासही येत नाही. नॉनस्टिक तवा काकूंनी घरातून काढूनच टाकला. तो फार तापला की त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो.

[करवंटी, बांबू, द्रोण. हात काम करताहेत.]

आणि हा डबा वाटीत जात नाही.

नारळाची करवंटी घ्यायची, शेंड्या घासून काढायच्या आणि कडेला भोक पाडायचं. आत मटकी आणि गाजराचे तुकडे भरून तोंडाशी कोरा कागद कोंबायचा. बांबूच्या पेरात दोन बदाम टाकून वर मक्याची साल दाबून बसवायची. बाजरीचं अख्खं कणीस जाळीत तिरकं खोचायचं, म्हणजे एका पायावर तोल सांभाळूनच ते खाता येतं. पळसाच्या पानांचे, काडीने टाचलेले द्रोण एकात एक बसवायचे आणि सगळ्यात आतल्या द्रोणात पपई ठेवायची. द्रोणाला स्टेपलरची पिन असेल तर तो बाद. दोरीचे धागे सुटले की ते बोटाला गुंडाळले जातात, म्हणून दोरी आखूड ठेवायची, आणि उसवली की लगेच फेकून द्यायची.

“थांब रे, आलं, आलं,” काकू म्हणतात. तो थांबत नाही. सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतो.

[भांडी बाजार. पितळेची झळाळी, गर्दी.]

जुन्या नाशकातला भांडी बाजार. इथली पितळ बघून कुणाचीही नजर ठरत नाही. काकूंना झोक्यासाठी घंटा हवी होती. पण पितळेत जस्त असतं आणि मकाव धातूही चावून बघतो. जस्त किंवा शिसं पोटात गेलं की विषबाधा होते. जस्ताचा मुलामा दिलेली पिंजऱ्याची जाळीही त्याच कारणाने धोक्याची. मग घंटेचा बेत रद्द झाला आणि स्टेनलेस स्टीलची साखळी घेतली.

“काकू, कुत्र्याला का?”

“नाही हो भाऊ, पोपटाला. झोका बांधायचाय.”

[मखमलाबाद. द्राक्षबाग, बांधावर जुन्या खोडांचा ढीग.]

झोक्याचं लाकूड मात्र बाजारातलं नाही, बांधावरचं आहे. जुनी बाग काढली की द्राक्षाची खोडं अशी पडून राहतात. वाकडी, खरबरीत, कुठे मनगटाएवढी तर कुठे अंगठ्याएवढी. पोपटाला नेमकं हेच हवं. एकाच जाडीच्या गुळगुळीत दांडीवर वर्षानुवर्षं बसलं की तळव्याच्या त्याच जागेवर भार येतो आणि तिथे जखमा होतात. वेलीच्या खोडावर पाय दर पावलाला वेगळा पडतो.

पण द्राक्ष म्हटलं की फवारणी आलीच. मोरचूद असतं, बुरशीनाशकं असतात, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीला नवे कोंब फुटावेत म्हणून लावतात ते रसायन तर फार जहाल. म्हणून चालू बागेची काडी घ्यायची नाही. बागवाल्या दादांना विचारून, फवारणी थांबून पावसाळा उलटलेलं खोड काकूंनी निवडलं. साल खरवडली, ब्रशने घासलं, धुतलं, गच्चीवर कडक उन्हात वाळवलं. एवढी खात्री करता येत नसेल तर परसातल्या कडुनिंबाची किंवा पेरूची बिनफवारणीची फांदी घ्यावी.

[हिरा झोक्यावर. द्रोण फाटतो. निवेदन थांबतं, वीस सेकंद.]

गालाकडे बघा. पांढऱ्या, उघड्या कातडीवर गुलाबी छटा आलीय. फ्रान्समधल्या संशोधकांनी याच जातीच्या मकावांचं निरीक्षण करून 2018 मध्ये ते प्रसिद्ध केलं. ओळखीच्या माणसाने त्यांच्याकडे बघून बोलायला सुरुवात केली की हा रंग जास्त चढलेला त्यांना दिसला. करवंटी एकटीने पुरत नाही. समोर माणूसही लागतो.

[संध्याकाळ. हॉल. सोफ्यावरून हातावर झेप.]

पंखा बंद, खिडक्या बंद, गॅसवर काही नाही. मगच ही झेप.

[इंदिरानगर. राखाडी पोपट.]

हा आफ्रिकन ग्रे. छातीची पिसं त्याने स्वतःच उपटली आहेत. आधी डॉक्टरांकडून आजार तपासून घ्यावा लागतो. आजार नसेल तर कारण बहुतेकदा रिकामपणात किंवा एकटेपणात सापडतं. पिसांची मुळं दुखावली तर ती पुन्हा येतही नाहीत. अमेरिकेत 1977 पासून 2007 पर्यंत संशोधिका आयरीन पेपरबर्ग यांच्याकडे याच जातीचा ॲलेक्स होता. तो रंग, आकार आणि आकडे ओळखून शब्दांत सांगायचा. तेवढीच बुद्धी या पिंजऱ्यात बसली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2003 मध्ये तरुण ॲमेझॉन पोपटांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. अन्न शोधायला लावणारी साधनं आणि तऱ्हेतऱ्हेच्या बैठका मिळालेल्या पोपटांची पिसं शाबूत राहिली. ज्यांना आधी काहीच नव्हतं, त्यांना ती नंतर दिल्यावर त्यांचीही पिसं सुधारली.

मकाव, ग्रे अशा परदेशी पोपटाची नोंद 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. आपला देशी पोपट पाळणं तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे.

[ग्रेच्या पिंजऱ्यात पहिला द्रोण. तो मागे सरकतो.]

ग्रे नव्या वस्तूला घाबरतो. म्हणून द्रोण पहिले काही दिवस पिंजऱ्याबाहेर, त्याला दिसेल असा ठेवायचा. घरातल्या कुणीतरी त्याच्यासमोर तो हातात घेऊन खेळायचा. मग आत, पण रिकामा आणि उघडा. मग दाणा वरच ठेवून. झाकण सगळ्यात शेवटी. तोवर नेहमीची वाटी भरलेलीच राहील. ती हळूहळू कमी करायची.

[वजनकाटा. काट्यावर छोटी बैठक.]

या सगळ्या दिवसांत रोज सकाळी, खाण्याआधी, स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन करायचं आणि वहीत लिहायचं. द्रोण उघडता येत नसेल तर तो उपाशी राहील आणि पिसांमुळे ते डोळ्यांना दिसणारही नाही. वजन सलग उतरायला लागलं तर द्रोण बाजूला ठेवून वाटी पुन्हा भरायची, आणि त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरांना फोन करायचा.