कॉर्डलेस घेण्याआधी लाइन बघा

मंडळी, कॉर्डलेस फोन घ्यायला दुकानात गेल्यावर आपण पहिला प्रश्न विचारतो, "रेंज किती?" माझ्या मते तो तिसरा प्रश्न. पहिला प्रश्न घरातच विचारायचा: आपली लाइन तांब्याची आहे की फायबरची? दुसरा: लाइट गेल्यावर या फोनचं काय होणार? या दोन गोष्टी ठरल्याशिवाय कोकणात कॉर्डलेस विकत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक घोटाळा आधीच मिटवू. सिमकार्ड घालून टेबलावर ठेवायचा फोन दिसायला लँडलाइनसारखा असला तरी तो मोबाइलच्या टॉवरवर चालतो. आज आपण बोलतोय ते लाइनला जोडलेला बेस आणि हातात फिरणारा हँडसेट अशा जोडीबद्दल.

तांब्याच्या लाइनवर एक्सचेंजकडून साधारण ४८ व्होल्टचा पुरवठा येत असतो. वायरचा साधा फोन त्यावरच चालतो, त्याला घरातल्या विजेची गरज लागत नाही. कॉर्डलेसच्या बेसला मात्र अडॅप्टर लागतो. लाइट गेली की बेस बंद पडतो. हँडसेटची बॅटरी भरलेली असली तरी तो बेस शोधत बसतो आणि फोन लागत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातल्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. असे प्रसंग सोडा, पावसाळ्यात फांदी तारेवर पडून रात्रभर लाइट जाणं आपल्याला नवं नाही. म्हणून तांब्याची लाइन असेल तर कॉर्डलेस कितीही चांगला घ्या, पण वायरचा एक साधा फोन काढून टाकू नका. रोझेटवर, म्हणजे भिंतीवरच्या फोनच्या डबीवर, दोन तोंडांचा अडॅप्टर लावून दोन्ही एकाच लाइनवर ठेवता येतात.

फायबरवर गणित बदलतं. तिथे आवाज घरातल्या मोडेममधून येतो, ज्याला लाइनमन ओएनटी म्हणतात. फोनची वायर त्याच्या फोनच्या खाचेत जाते. लाइट गेली की ओएनटी बंद, आणि त्याबरोबर वायरचा फोनही मुका. म्हणजे इथे ओएनटी आणि बेस दोघांनाही बॅकअप हवा. बाजारात राउटरसाठी १२ व्होल्टचे छोटे यूपीएस मिळतात. ते ओएनटीला चालतात, पण आधी ओएनटीच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या. कॉर्डलेसचा बेस मात्र बहुतेक वेळा साडेपाच ते साडेसहा व्होल्टवर चालतो. तीच १२ व्होल्टची पिन बेसमध्ये घातली तर बेस जळेल. त्यापेक्षा २३० व्होल्टचे सॉकेट असलेला यूपीएस किंवा घरातल्या इन्व्हर्टरची लाइन घ्या आणि दोघांचे मूळ अडॅप्टर त्यावर लावा. काही कॉर्डलेस संचांत अशी सोय असते की लाइट गेल्यावर बेसवर ठेवलेला हँडसेट स्वतःच्या बॅटरीतून बेसला वीज पुरवतो आणि दुसऱ्या हँडसेटवरून बोलता येतं. तो पुरवठा थोडा वेळच टिकतो, पण आपल्याकडे ही सोय असलेला संच मिळाला तर मी तोच घ्यायला सांगेन.

तांब्यावरून फायबरवर गेलेल्यांसाठी एक सूचना. घरात पूर्वी माजघरात एक आणि पडवीत एक असे फोनचे पॉइंट काढलेले असतात. ओएनटीची वायर त्याच जुन्या वायरिंगला जोडली की सगळे पॉइंट चालू होतात, हे खरं. पण त्याआधी बाहेरून खांबावरून येणारी जुनी तांब्याची जोडी रोझेटपासून सोडवलीच पाहिजे. ती तशीच राहिली तर बाहेरचा ओलावा, शॉर्ट आणि वीज कडाडल्यावरचा झटका सगळं थेट ओएनटीत शिरतं.

वीज कडाडण्याचा विषय निघालाच आहे. मे महिन्याच्या शेवटी आणि परतीच्या पावसात ऑक्टोबरला आपल्याकडे सर्वांत जास्त फोन मरतात. वायरच्या फोनमध्ये झटका एकाच बाजूने येतो. कॉर्डलेसच्या बेसला एकीकडून लाइन आणि दुसरीकडून विजेचा अडॅप्टर असतो, त्यामुळे झटक्याला आरपार जायला वाट मिळते. नुसता अडॅप्टर काढून भागत नाही. लाइनची पिनही काढायची, आणि ढग डोक्यावर यायच्या आधी. गडगडाट सुरू असताना वायरला हात लावू नये.

आता रेंज. खोक्यावर घरात ५० मीटर आणि उघड्यावर ३०० मीटर असं लिहिलेलं असतं. ते आकडे अनुकूल, कोरड्या जागेतले. आपल्या चिऱ्याच्या भिंती जाड, आणि चिऱ्याचा जांभा दगड पाणी धरून ठेवतो. मे महिन्यात मागच्या खळ्यापर्यंत नीट ऐकू येणारा फोन जुलैत तिथेच तुटतो, त्याचं कारण हे. वाटेत लोखंडी कपाट, पत्र्याची शेड किंवा पाण्याची टाकी असेल तर आणखी मार. बेस एका टोकाच्या ऑफिसखोलीत न ठेवता घराच्या मध्यावर, खांद्याच्या उंचीला ठेवा आणि राउटरपासून मीटर-दोन मीटर लांब. मग हँडसेटवर डायल टोन लावून घरभर फिरा. टोन तुटायला लागतो ती जागा कळली की रिपीटर, म्हणजे बेसचा सिग्नल पुढे पोचवणारी डबी, हवा की नको ते ठरतं. रिपीटर त्याच कंपनीचा, त्या बेसला चालणारा हवा, आणि तो सिग्नल तुटण्याच्या अलीकडे लावायचा. तुटलेल्या जागी लावून उपयोग नाही, कारण त्यालाही बेस ऐकू यावा लागतो. वाडीत आंब्याच्या पॅकिंगची शेड लांब असेल तर रिपीटरच्या मागे न लागता तिथे वायर ओढून वेगळा फोन लावणं स्वस्त आणि भरवशाचं.

संच दोन पद्धतींचे मिळतात. एक २.४ गिगाहर्ट्झचे आणि दुसरे डेक्ट पद्धतीचे, जे १.९ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. घरात वायफाय किंवा मायक्रोवेव्ह असेल तर डेक्ट घ्या, २.४ वर ही सगळी एकमेकांच्या आवाजात बोलतात. मात्र अमेरिकेतून कुणी नातेवाईक "डेक्ट ६.०" असं लिहिलेला संच आणत असेल तर नको म्हणा. तो १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतो आणि हा पट्टा आपल्याकडे मोबाइल सेवेचा आहे. तुमच्या घरातला फोन शेजारच्या टॉवरला त्रास देईल. शिवाय त्याचा अडॅप्टर बहुधा १२० व्होल्टचा असतो, म्हणजे आपल्या सॉकेटमध्ये घातल्या घातल्या गेला.

बॅटरीबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण चांगले फोन बॅटरीपायी भंगारात जातात. बहुतेक हँडसेटमध्ये एएए आकाराचे दोन सेल असतात, प्रत्येकी १.२ व्होल्ट, निकेल मेटल हायड्राइडचे, साधारण ५५० ते ७५० एमएएच. ते दोन-तीन वर्षांत थकतात. लक्षण असं की रात्रभर चार्ज करूनही पाच मिनिटांत टुकटुक आवाज येऊन फोन बंद होतो. अशा वेळी फोन बदलू नका, दोन्ही सेल एकाच वेळी, एकाच जातीचे बदला. किराणा दुकानातले घड्याळाचे किंवा रिमोटचे सेल कधीही घालू नका, ते १.५ व्होल्टचे आणि चार्ज न होणारे. चार्जिंगच्या पाळण्यात हँडसेट ठेवताच त्यांच्यात करंट जातो, ते गळतात, फुगतात आणि हँडसेट खातात. म्हणून विकत घेतानाच सेलची खोली उघडून बघा: साधे एएए सेल आहेत की वायर आणि पिनवाला खास पॅक? साधे सेल असलेलाच संच घ्या, तालुक्याच्या गावी मिळतात. नव्या सेलला पहिल्या वेळी पुस्तिकेत लिहिलेले तास पूर्ण चार्जिंग द्या, आणि हँडसेट उन्हाच्या खिडकीत ठेवू नका.

पाळण्यातले धातूचे टिपके खाऱ्या हवेने काळवंडतात आणि आपण सेलला दोष देतो. महिन्यातून एकदा कोरड्या सुती कापडाने पुसा. हिरवट थर असेल तर कापसाला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा आणि वाळू द्या. सँडपेपर लावू नका, वरचा मुलामा गेला की गंज आणखी वेगाने धरतो.

खरखर येते तेव्हाही कॉर्डलेसवर लगेच राग काढू नका. वायरचा फोन थेट रोझेटवर लावा, एक आकडा दाबा म्हणजे डायल टोन थांबेल, आणि त्या शांततेत ऐका. तरीही खरखर असेल तर दोष लाइनचा: रोझेटमधले स्क्रू, ओल आलेली भिंत किंवा खांबावरचा जोड. तांब्यावर ब्रॉडबँड असेल तर फोनच्या आधी स्प्लिटर, म्हणजे फोन आणि ब्रॉडबँड वेगळं करणारी डबी, आहे ना, तेही बघा.

नंबर दिसण्याची सोय एफएसके आणि डीटीएमएफ अशा दोन पद्धतींनी येते, आणि एक्सचेंजनुसार ती बदलते. दोन्ही चालतात असं खोक्यावर लिहिलेलं हवं. आणि १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावावा लागतो. मिस्ड कॉलच्या यादीत मोबाइल नंबर बिनशून्याचा दिसला तर तिथून सरळ डायल करून तो लागणार नाही. यादीतल्या नंबरापुढे शून्य घालायची सोय आहे का, ते दुकानातच करून बघा. वयस्क माणसांच्या घरी ही एक गोष्ट बाकी सगळ्या फीचर्सपेक्षा मोलाची आहे.

छोट्या ऑफिसला किंवा होमस्टेला एक खुलासा. एका लाइनवर चार हँडसेट नोंदवले तरी बाहेरचं बोलणं एकावेळी एकच. बाकीच्यांना फार तर आपसात इंटरकॉम. दोन पाहुणे एकाच वेळी बुकिंगला फोन करतात, तिथे दोन लाइनचा संच किंवा तीन लाइन-आठ एक्स्टेन्शनचा छोटा ईपीएबीएक्स, म्हणजे बाहेरच्या लाइनी आतल्या फोनांना जोडून देणारं यंत्र, लागेल. ईपीएबीएक्सच्या मागे कॉर्डलेस लावल्यावर कॉल ट्रान्सफर करताना तुटत असेल तर मेनूतला फ्लॅशचा, म्हणजे ट्रान्सफरचं बटण दाबल्यावर लाइन क्षणभर तोडण्याचा, वेळ बदला. १०० आणि ६०० मिलिसेकंद हे नेहमीचे दोन पर्याय. वेळ जास्त झाला तर यंत्राला वाटतं फोन ठेवला, आणि कमी पडला तर बटण दाबल्याचं कळतच नाही.

जादा हँडसेट नोंदवायचा तर बेसवरचं हँडसेट शोधायचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरा, मग हँडसेटच्या मेनूत नोंदणी निवडा आणि पिन घाला. कारखान्यातून पिन बहुधा ०००० असतो. बाजारपेठेतल्या दुकानात, जिथे भिंतीला भिंत लागून आहे, तिथे तो पहिल्याच दिवशी बदला, आणि नवा पिन बेसच्या खाली चिकटवून न ठेवता वहीत लिहा.